गुंतवळाची पिशवी

आमच्या घरात मोरी तुंबली की पाण्याआधी तोंडं वाहू लागतात. या उन्हाळ्यात तुंबली तेव्हा पहिलं तोंड वाहिलं ते माझ्या बायकोचं.

"मी म्हणतच होती," तानाबाई म्हणाली, "एक दिवस हे मोरी केसानंच बुजणार हाय."

केस म्हणजे सुनेचे. सुवर्णा सोनाळ्याची पोरगी. लग्न होऊन आली तेव्हा तिचा शेपटा कमरेच्या खाली होता आणि अजूनही आहे. प्रेमानंद, आमचा मुलगा, बुलढाण्याला नोकरीला असतो आणि रविवारी येतो. सुवर्णा मात्र आमच्यापाशीच राहते, कारण तिची नर्सची नोकरी आमच्या गावच्या उपकेंद्रावर आहे. दिवसभर लोकांची दुखणी पाहून आलेली पोरगी संध्याकाळी स्वयंपाकाला लागते, आणि चार-आठ दिवसांतून एकदा डोकं धुते. तेवढंच तानाबाईच्या डोळ्यात येतं.

तानाबाईचं स्वतःचं गुंतवळ कधी मोरीत जात नाही. विंचरून झालं की ती गळालेले केस बोटाला गुंडाळते आणि खिळ्याला टांगलेल्या पिशवीत टाकते. पिशवी भरली की केसांवर भांडी देणारा येईपर्यंत ती पोलिसासारखी राखते. घरातल्या निम्म्या स्टीलच्या वाट्या तिच्या डोक्यावरून आल्यात, असं ती पाहुण्यांना सांगते आणि मी मान डोलावतो. ती पिशवी सुनेला दाखवून ती म्हणायची, "असं ठेवा लागते. मोरीत सोडून द्याचं नसते." सुवर्णा "हो आई" म्हणायची. पण पिशवी तानाबाईची होती. त्यात केस टाकायला तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगता ती टाकणारी नव्हती.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढला. गाडी बंद पडली की लोक आधी ड्रायव्हरला शिव्या देतात, बॉनेट उघडायचं कोणाला सुचत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता घरात कोणी कोणावर खापर फोडू लागलं की माझं डोकं फिरतं. म्हणून म्हटलं, "आधी उघडून तं पाहू दे." त्यावर तानाबाई म्हणाली, "पाहा. केसच निघतीन."

उघडणं सोपं नव्हतं. पूर्वी आमची मोरी उघडी होती. पाणी नालीतून परसात जायचं आणि काही अडकलं तर काडीनं सरकवलं की झालं. मागच्या वर्षी प्रेमानंदनं ती काढून फरशीची न्हाणी बांधली, तोटी बसवली, भिंतीखालून पाईप टाकला. पाईप मागच्या बोळीत निघतो. तिथं शेजारच्या नारायणरावांची केळ आहे आणि ती आमच्याच पाण्यावर पोसलेली आहे. काम झकास झालं. फक्त पाईप भिंतीपाशी जिथं वळतो, तिथं काय चाललंय ते कोणाला दिसत नाही.

त्यात दिवस कुरडयांचे. आमच्या गल्लीत कुरडया पाळीनं होतात. आज हिच्या घरच्या, उद्या तिच्या घरच्या, आणि साचा दाबायला सगळ्याजणी सगळीकडे. गहू भिजत घालायचे, तिसऱ्या दिवशी वाटायचे, पिळून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा, सकाळी वरचं आंबट पाणी ओतून द्यायचं आणि खाली बसलेला चीक शिजवायचा. यंदा मात्र गल्लीला आमच्या न्हाणीचा मोह पडला. फरशी, तोटी, बसायला ओटा. ज्या घरची पाळी असेल त्या घरची पातेली धुवायला आमच्याकडे. सगळी गल्ली आंबट वासानं भरली होती आणि तानाबाई एखाद्या कार्यालयाची मालकीण असल्यासारखी वावरत होती. तिला असं खूश पाहिलं की मलाही बरं वाटतं, त्यामुळे मी काही बोललो नाही.

तर पाणी आधी हळू जाऊ लागलं. मग फरशीवर थांबू लागलं. मी बांबूची काडी घातली, ती वळणापर्यंत गेली आणि मोडली. मेहकरच्या प्लंबरला फोन केला, तो "आत्ता निघतो" म्हणाला आणि दोन दिवस निघतच राहिला. मग प्रेमानंदनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस मोरीत उकळतं पाणी ओतत होता आणि मोरी गटागटा पीत होती. मीही चूल पेटवली, मोठं गंज भरून पाणी उकळलं आणि थोडं थोडं करून सगळं ओतलं. आमची मोरी थोडं प्याली, आणि मग तिनं तोंड मिटलं. आता तर थेंब जाईना.

"झालं समाधान?" तानाबाई म्हणाली. "हळू तं हळू, जाऊन तं राह्यलं होतं. केसाचा बोळा अजून घट्ट बसला."

सुवर्णा तेव्हा ओसरीवर भाजी निवडत होती. ती भाजी तशीच उचलून आत गेली. तिचं ते उठून जाणं मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी उपकेंद्राच्या बाजूनं येत होतो, तर मागच्या तोटीपाशी सुवर्णा ओणवी होऊन डोकं धूत होती. दुपारचं ऊन, आजूबाजूला औषधांची खोकी, आणि घरची सून बाहेरच्या तोटीवर. मला पाहून तिनं घाईनं केस पिळले आणि टॉवेल गुंडाळला.

"काऊन बाई, घरी नाही का धुवाचं?"

"घरी मोरी तुंबून हाय ना बाबा." मग थोडं थांबून, कॅलेंडरवरची तारीख सांगावी तशा आवाजात म्हणाली, "मी उद्या सकाळच्या बसनं मेहकरले जातो. तिथं पार्लर हाय. खांद्यापर्यंत कापून येतो. रोजचं झंझट नाही मंग."

"तुह्या आईले विचारलं?"

"तिले काय विचारू. तिनंच वाढवले हे." एवढं म्हणताना मात्र तिचा आवाज जागेवर राहिला नाही.

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. कोणावर, ते सांगता येईना. बायकोवर यावा तर तिनं सुनेला कधी उणं पडू दिलं नव्हतं. आजारपणात तिच्या उशाशी बसली, तिच्या ड्युटीसाठी स्वतः डबा भरून देते. फक्त एक केसांचं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. मी सुवर्णाला म्हटलं, "सकाळची बस सकाळी हाय. आज संध्याकाळपर्यंत मले पाहू दे."

घरी आलो तर नारायणराव दारात. भाजीपाला पिकवणारा माणूस, त्याला माणसाआधी झाड दिसतं.

"माणिकराव, माह्या केळीनं पानं टाकली. तुमचं पाणी काऊन बंद केलं? काही चुकलं का आमचं?"

"चुकलं कोणाचं ते पाहाले चाललो," मी म्हटलं. "चाला, तुमीबी या."

नारायणरावांनी शेतातून ठिबकची काळी नळी आणली. ती वाकते पण मोडत नाही. बोळीतून वर घातली, तर हातभर जाऊन अडकली. जोर लावून ओढली तेव्हा टोकाला पांढरं, चिकट काहीतरी आलं. नारायणरावांनी वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि साबण असावा म्हणाले. मला साबण वाटेना. मी करवत घेतली आणि भिंतीपाशी पाईपाचं वळणच कापून काढलं. एव्हाना नारायणरावांची बायको अन्नपूर्णाबाई येऊन उभी राहिली होती, सुवर्णा ड्युटीवरून आली होती आणि तानाबाई मागच्या दारात कमरेवर हात ठेवून होती. साक्षीदार सगळे हजर होते.

मी कापलेला तुकडा उभा धरून दगडावर आपटला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतून एक पांढरा दांडा घसरून बाहेर आला आणि जमिनीवर पडून थरथरला. मनगटाएवढा जाड, गुळगुळीत, वळणाच्या जागी वाकलेला.

अन्नपूर्णाबाई खाली बसली, बोटानं दाबून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"अवं तानाबाई," ती म्हणाली, "हे तं आपला चीक व्हय. शिजेल चीक."

मग मला सगळं उमगलं. सगळ्या गल्लीची पातेली आमच्या न्हाणीत धुतली गेली, वरचं पाणी आमच्याच मोरीत ओतलं गेलं, आणि त्यातला चीक वळणात जाऊन गपचूप बसला. उघड्या नालीत तो कोंबड्यांनी टिपला असता. पाईपात कोंबडी कुठून जाणार. आणि त्या बसलेल्या चिकावर मी गंजभर उकळतं पाणी ओतलं होतं.

"चीक तुमचा," मी म्हटलं, "पण शिजवला म्या."

नारायणराव हसता हसता भिंतीला टेकले. "इतकी जाड कुरडई तं म्या माह्या जन्मात नाही पाहिली. तळाले कढई कोनाची आनाची?"

सुवर्णाही हसली. कितीतरी दिवसांनी तिला तशी हसताना पाहिलं. तानाबाई मात्र हसली नाही. तिनं काडी घेतली आणि तो दांडा उकलून पाहू लागली. तिला अजून केस हवे होते. चिकात केस होते, नाही असं नाही. दोन-तीन. तिनं काडीवर घेऊन उजेडात धरले. आखूड होते आणि पांढरे होते. माझं डोकं तर कधीचंच साफ झालंय.

"कोनाचे हाय जी हे?" अन्नपूर्णाबाईनं भोळेपणानं विचारलं. ती भोळी नाही.

तानाबाईनं काडी टाकली आणि आत गेली. त्या संध्याकाळी मी नवं वळण आणून बसवलं, पाणी सोडलं, ते सरळ निघून गेलं. माझा जीव भांड्यात पडला. तानाबाईनं अळूची भाजी केली, सुवर्णाला आवडते म्हणून, पण तोंडाचं कुलूप काढलं नाही. सुवर्णाही बसबद्दल काही बोलली नाही. जाणार की नाही ते मला कळेना आणि विचारायचं धाडस होईना. आता खरं निघालं म्हणून बोललेलं परत घेता येत नसतं, आणि पोरगी मानी आहे.

सकाळी उठलो तर चूल पेटलेली. त्यावर तेच मोठं गंज. "अवं, मोरीत गरम पाणी नको वतू," मी म्हटलं.

"मोरीसाठी नाही ते," तानाबाई म्हणाली.

सुवर्णा साडी नेसून, पर्स खांद्याला लावून बाहेर आली. तानाबाई न्हाणीच्या ओट्यावर बसली होती. पुढ्यात पाट, बाजूला वाटीत भिजवलेली शिकेकाई.

"बस," तिनं पाटाकडे बोट केलं.

"आई, बस जाईन ना माही."

"जाऊ दे. गाडी उद्याबी येते. एवढे केस एकटीनं धुतल्या जात नाही, मले आधी नाही समजलं ते. बस, मी चोळून देतो."

सुवर्णा जराशी उभी राहिली. मग पर्स माझ्या हातात दिली, पाटावर बसली आणि शेपटा सोडला. मी पर्स घेऊन ओसरीवर आलो, पण आवाज येत होते. तांब्यानं पाणी पडत होतं, तानाबाई "डोळे मीट" म्हणत होती, आणि मोरी एकसारखी वाहत होती. बोळीतून नारायणरावांनी हाक दिली, "आलं हो पाणी, माणिकराव." रस्त्यानं मेहकरची बस गेली. तिचा हॉर्न मी ओळखतो. न्हाणीतून कोणी उठलं नाही.

केस वाळल्यावर तानाबाईनं तिला पुढ्यात घेऊन विंचरलं. कंगव्यात आलेलं काळं गुंतवळ बोटाला गुंडाळलं, उठली, खिळ्यावरची पिशवी काढली आणि आपल्या पांढऱ्या गुंतवळाशेजारी ते ठेवून दिलं.

"आतापासून यातच टाकत जाय," ती म्हणाली. "भांडेवाला आला की या वख्ताले मोठं पातेलं घेऊ, तुह्या पसंतीचं."