निळ्या दुधाची ताकद

सकाळी अकरा वाजले की बाळंतिणींच्या वॉर्डात पाय ठेवायला जागा उरत नसे. सगळे चमत्कार बघायला जमत. चमत्कार करणारा कुणी बुवा नव्हता, टाय बांधलेला दूधपावडरीचा विक्रेता होता. स्वतःला पोषणतज्ज्ञ म्हणवायचा. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत त्याच्या कंपनीनं एसी बसवून दिल्यापासून त्याला कुणी हटकत नसे.

"दूध येतंय हो ताई, पण त्यात ताकद आहे का, हे कोण बघणार?" असं मधाळ आवाजात म्हणत तो दोन पेले मांडायचा. एकात आईचं दूध, दुसऱ्यात पावडरीचं. दोन्हींत तपकिरी औषधाचे दोन-दोन थेंब. पावडरीचं दूध बघता बघता गर्द निळं व्हायचं, आईचं नुसतं पिवळट. "निळं म्हणजे ताकद," तो हळहळायचा. "तुमचा दोष नाही, प्रकृतीच अशी." सासवा सुस्कारे सोडायच्या आणि नवरे पावडरीचा डबा आणायला पळायचे.

दवाखान्याच्या धुलाईखान्यातल्या मावशीला या भानगडीशी देणंघेणं नव्हतं. पण तिची भाची बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी मावशी भेटायला गेली, तर भाची भिंतीकडे तोंड करून पडलेली. छाती दगडासारखी, गाऊन दुधानं भिजलेला आणि लेकरू सासूच्या मांडीवर बाटली चोखतंय.

"पाजत का नाहीस गं?"

"माझ्या दुधात काही नाही, मावशी. सगळ्यांदेखत दाखवलं त्यांनी."

दुसऱ्या दिवशी मावशी पुढे जाऊन उभी राहिली. विक्रेत्यानं बाटलीचं झाकण काढलं आणि तिच्या नाकाला ओळखीचा वास आला. हे तर जखमेला लावायचं टिंक्चर. त्याचे डाग पडलेल्या चादरी तिनं वीस वर्षं धुतल्या होत्या. अशी एखादी चादर चुकून कपडे कडक करायच्या खळीच्या टबात पडली, की डाग निळाकाळा व्हायचा. ती तडक खाली गेली आणि वाटीभर खळ घेऊन आली.

"साहेब, यातही टाका दोन थेंब."

"आजी, मला वेळ नाही."

"टाका की, बिघडलं काय?" भाचीची सासूच म्हणाली. साहेब जागचे हलेनात, तेव्हा तिनं बाटली उचलून स्वतःच थेंब टाकले. वाटी शाईसारखी झाली.

"ही डॉक्टरांच्या कोटाची खळ," मावशी म्हणाली. "तुमच्या दुधाहून निळी. पाजायची का पोरांना?"

विक्रेता म्हणाला, "हे शास्त्र आहे, तुम्हाला कळायचं नाही."

"मला कळतं," वॉर्डातली सिस्टर म्हणाली. "टिंक्चरमध्ये आयोडीन असतं. ते पिठाला लागलं की निळं होतं. खळ पिठाचीच असते, आणि यांच्या डब्यातही पीठ आहे. आईच्या दुधात पीठ नसतं, असायलाही नको. ताकदीचा यात संबंधच नाही."

"मग इतके दिवस गप्प का होतात?" भाचीनं विचारलं. सिस्टरनं एकदा मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "बाळ जेवढं ओढतं, तेवढं दूध येतं. बाटली लावली की ते खरंच आटतं. मग डबा सुटत नाही. यांचा धंदा त्यावरच चालतो."

विक्रेत्यानं बॅग आवरली. भाचीनं बाटली सोडून बाळाला पुन्हा अंगावर घेतलं. ते दोन दिवस रडलं, चिडलं, मग नीट पिऊ लागलं. ज्या बायकांचं दूध त्याआधीच आटलं होतं, त्यांना मात्र कुणी काही परत दिलं नाही.

डबा एखाद्या बाळाला लागतोही. पण ते बाळ तपासून डॉक्टरनं सांगावं, डबा विकणाऱ्यानं नव्हे. आणि कुणी रंग बदलून दाखवलाच, तर मान डोलावण्याआधी थेंब कसले आहेत, एवढं तरी विचारा.