गालातलं घड्याळ

वाकडा जबडा कापून सरळ करून घेतला त्याला तेरा दिवस झाले होते. दात रबरांनी बांधलेले, बोलणं बंद, हातात लेकीची पाटी. घरात सगळ्यांना ही सोयच वाटत होती. मला पुढच्या दातांनी घाससुद्धा तोडता यायचा नाही, पण सासूबाईंच्या लेखी हे सगळं नटण्यासाठीच.

"हौस करायची आणि मग नाक पुसत बसायचं," त्या म्हणाल्या. दोन दिवसांत तिसऱ्यांदा नाकातून भळाभळा रक्त आलं होतं आणि आपोआप थांबलं होतं.

"थांबलं ना? मग झालं," वर्तमानपत्राआडून आमचे हे. झालं म्हणे!

दुपारी चार वर्षांची लेक माझ्या गालाला कान लावून पडली आणि ताडकन उठून बसली. "आई, तुझ्या गालात घड्याळ आहे. फुस्स फुस्स करतं."

एक हात मनगटाच्या नाडीवर ठेवला, दुसरा गालावर. दोन्हीकडे एकच ठेका. मी ह्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

मोठे डॉक्टर परगावी. त्यांच्या खुर्चीत केस चापून बसवलेला एक धाकटा डॉक्टर. नाकात टॉर्च मारून तो बोलला, तेही ह्यांच्याशी. "नाक कोरडं पडलंय. वाफ द्या. मूल लहान असलं की बायका जरा जास्तच घाबरतात."

मी लिहिलं, 'गालात ठोके पडतात. ऐका.'

"ताई, गाल ऐकायचा नसतो," तो हसला. हेही हसले. अशांची गट्टी पटकन जमते.

त्याच्या गळ्यात दागिन्यासारखा मिरवत असलेला स्टेथोस्कोप मी ओढला आणि त्याची चकती गालावर दाबली.

"अगं, काय हे!" हे ओरडले.

माझी समजूत काढायची म्हणून त्यानं नळ्या कानांत घातल्या. हसू तिथंच गोठलं. मग पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलला. "कधीपासून?"

कापलेल्या हाडाजवळची रक्तवाहिनी दुखावून फुग्यासारखी फुगली होती. कधीही फुटली असती. त्याच संध्याकाळी मांडीतून बारीक नळी घालून ती आतून बंद केली.

सकाळी हा पठ्ठ्या विद्यार्थ्यांना घेऊन हजर. "असे पेशंट आले की गाल ऐकायचा. मी ऐकला म्हणून सापडलं."

मी पाटी उचलून धरली. 'ताई, गाल ऐकायचा नसतो.' मागची एक मुलगी फिसकन हसली.

नंतर लेक आली आणि तिनं थेट गालाला कान लावला. बराच वेळ.

"बंद पडलं," ती हिरमुसून म्हणाली.