तपासणीची दहा मिनिटं

"शेवटीं त्यांचा हात तुमच्या हातांत होता म्हणे," कामाक्षी म्हणाली. "तेवढंच विचारायला आलें, अण्णा."

व्यासराज खिडकीपाशी उभा होता. खाली तिरुवल्लिकेणीच्या नाक्यावर बस वळली, ब्रेक करकरला, आणि त्याने खिडकीचा गज घट्ट धरला.

कामाक्षीच्या नवऱ्याला, सेतुमाधवला, जाऊन एकोणीस दिवस झाले होते. गुम्मिडिपूंडीच्या पाइपच्या कारखान्यात क्रेनला टांगलेली पाइपांची मोळी एकदम खाली आली आणि तो तिच्याखाली सापडला. बाकीचे आरडाओरडा करत राहिले. व्यासराजने जॅक मागवले, मोळी इंचाइंचाने वर उचलली, त्याला बाहेर काढलं आणि रुग्णवाहिकेत त्याचा हात धरून बसला. इस्पितळ यायच्या आधीच तो हात जड झाला. सेतुमाधव त्याच्याच नात्यातला, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातला. त्याला कारखान्यात चिकटवलं होतं तेही व्यासराजनेच.

"होता," व्यासराज म्हणाला. "माझ्याच हातांत होता."

त्याची बायको श्रीदेवी कॉफी घेऊन आली. कामाक्षीने पेला हातात घेतला, पण प्यायली नाही. "सगळे सांगतात, अण्णा नसते तर अंगसुद्धा धड मिळालं नसतं. शुक्रवारीं तुमचा सत्कार आहे म्हणे. मी येईन."

व्यासराज तिच्यासमोर येऊन बसला.

चौतीस वर्षं तो त्या कारखान्यात मेंटेनन्सला होता. भट्टी विझली, पंप जळला, पट्टा तुटला की त्याचंच नाव निघायचं. सुट्टीच्या दिवशी त्याला न्यायला गाडी यायची, तेव्हा गल्लीतले लोक बघायचे आणि त्याला ते आवडायचं. दोन वर्षांपूर्वी क्षितिज नावाचा सांगलीकडचा तरुण इंजिनियर आला. त्याने वेळापत्रक लावलं. यंत्र बिघडायच्या आधी बघायचं. दर सोमवारी प्रत्येक क्रेनवर चढून ब्रेक तपासायचा आणि कागदावर खूण करायची. व्यासराज हसला होता. "चालतं यंत्र कशाला उघडायचं, सार?" श्रीदेवी मात्र हसली नव्हती. ती वॉर्डात नर्स होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलण्यात तिची उभी नोकरी सरली होती, आणि त्यासाठी तिला कोणी हार घातला नव्हता.

"कामाक्षी," व्यासराज म्हणाला, "त्या क्रेनचा ब्रेक मी बघायचा होता. सोमवारीं. बघितलों नाही. बघितला म्हणून कागदावर खूण केलों."

श्रीदेवी दारातच थांबली. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"त्या दिवशीं भट्टीचा पंखा बंद पडला होता. चार तास लागले. चालू झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग खालीं स्टुलावर बसूनच सही केलों. गुरुवारीं हें झालं."

कामाक्षीने पेला खाली ठेवला.

"किती वेळ लागतो बघायला?"

"दहा मिनिटं."

"आणि त्यांना बाहेर काढायला किती लागला?"

"अकरा."

ती उठली. पदर सारखा केला, चपला घातल्या. निघताना 'येतें' म्हणायची पद्धत. ती तसं न म्हणताच जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी व्यासराजने सगळं लिहून क्षितिजच्या टेबलावर ठेवलं. क्षितिजने ते दोनदा वाचलं आणि केबिनचं दार लावलं.

"अण्णा, तुमच्या निवृत्तीला पाच महिने राहिलेत. हे वर गेलं तर तुम्हाला ठेवणार नाहीत. केसही होईल."

"गजेंद्र घरीं बसला आहे, सार. मोळी जोरात खालीं आणली म्हणून. त्यानं काही केलं नाही. ब्रेकचं लायनिंगच झिजून संपलं होतं."

क्रेन चालवणाऱ्या गजेंद्रला अपघाताच्या संध्याकाळीच निलंबित केलं होतं. कागदावर ब्रेक ठीक होता. मग चूक त्याचीच असणार.

क्षितिज खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला शंका होती. वर्षभराच्या तुमच्या खुणा बघा, पाच-पाच सोमवार एकाच पेनाने, एका बैठकीत केलेले दिसतात. विचारायला हवं होतं. तुम्ही वयानं मोठे, सगळा कारखाना तुम्हाला मानतो. म्हटलं, कशाला दुखवा."

मग क्षितिजने कागद फाइलला लावला आणि त्याखाली स्वतःचंही एक पान लिहायला घेतलं.

सत्कार झाला नाही. गजेंद्र कामावर परत आला. व्यासराजला काढलं, केस सुरू झाली. तारखेला तो वेळेवर जायचा आणि विचारलं की खरं तेच सांगायचा.

पण लिहून दिल्याने सेतुमाधव मनातून गेला नाही. भरदुपारी, रस्त्यात, भाजी घेताना व्यासराजला तो आवाज ऐकू यायचा. मोळी पडल्याचा नाही. त्याच्या आधीचा, झिजलेलं लायनिंग घसटत गेल्याचा बारीक आवाज. मोकळ्या हाताला मधूनच वजन लागायचं. बांधकामाच्या परांचीखालून लोक निवांत चालत जायचे आणि तो फुटपाथवर थिजून वर बघत राहायचा. घरातली गॅसची नळी तो दिवसातून तीनदा चाचपायचा.

आठ महिन्यांनी कामाक्षीचा फोन आला. ती आता जॉर्ज टाउनजवळच्या एका शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढायचं काम करत होती.

"जेवायच्या खोलीत एक पंखा आहे," ती म्हणाली. तिने कोण बोलतंय ते सांगितलं नाही. "हलतो. हेडमास्तर म्हणतात, बंद पडला कीं बघूं."

"खालीं कोणी बसतं?"

"दुसरीचीं मुलं."

"आत्तां येतों. तोंवर खालीं कोणाला बसवूं नको."

तो पोचला तेव्हा तिने शिडी आणून ठेवली होती. तो वर चढला. शिडी तिने धरली. छताच्या हुकातला बोल्ट झिजून काडीएवढा उरला होता. व्यासराजने पंखा उतरवला, नवा बोल्ट घातला, पिन वळवली, सगळ्या भाराने ओढून पाहिलं. पुन्हा ओढून पाहिलं. हेडमास्तर दारातून डोकावले. "चालतच होता की तो," असं तमिळमध्ये म्हणून निघून गेले.

जुना बोल्ट त्याने कामाक्षीच्या हातात दिला. तिने तो उजेडात धरला, बघितला, आणि परत दिला.

घंटा झाली. दुसरीची मुलं धावत आली, ढकलाढकली करत त्याच पंख्याखाली बसली. वर कोणी बघितलं नाही. सांबार आलं, भात आला. व्यासराज हत्यारं पिशवीत भरून दाराकडे निघाला.

"अण्णा," कामाक्षी म्हणाली. तिने ओळीच्या टोकाला एक ताट मांडलं होतं. "बसा. जेवून जा."

तो मांडी घालून मुलांशेजारी बसला. वर पंखा फिरत होता. त्याचा कसलाच आवाज येत नव्हता. तरीही पहिला घास हातात धरून व्यासराज बराच वेळ कान देऊन बसून होता.