काचेच्या कपाटातलं मशीन

प्रार्थनागृहाच्या मागच्या भिंतीला एक काचेचं कपाट होतं. त्यात दोन कुबड्या, जाड भिंगांचा एक चष्मा, कंबरेचा पट्टा अशा बऱ्या झालेल्या माणसांच्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. मधला कप्पा पाळकांनी मुद्दाम रिकामा करून घेतला होता. येत्या रविवारी तिथे चिमणीचं कानाचं मशीन बसणार होतं, आणि एकदा कुलूप लागलं की ते परत मिळणार नव्हतं.

चिमणी सात वर्षांची, जन्मापासून बहिरी; मशीन लावून थोडंफार ऐकायची, बाकी समोरच्याचे ओठ वाचायची. तिची ताई पंधरा वर्षांची, क्वायरमध्ये गाणारी. महिन्यापूर्वी पाळकांनी चिमणीच्या कानांवर हात ठेवून प्रार्थना केली, मशीन काढून आईच्या हातात दिलं आणि पाठीमागे जाऊन हाक मारली. चिमणी गर्रकन वळली. आई गुडघ्यांवर कोसळली. इतकी वर्षं आपण मागत होतो ते देवाने शेवटी दिलं, असं ताईला वाटलं. त्यानंतर ती शाळेतही मान ताठ करून चालायला लागली. एवढ्या मोठ्या गावातून देवाने नेमकं आपलंच दार वाजवलं, ही काही साधी गोष्ट नव्हती.

पण ताईला प्रत्येक गोष्ट पडताळून पाहायची खोड. एका दुपारी तिने चिमणीच्या पाठीमागे पातेल्याचं झाकण फरशीवर आपटलं. चिमणी वळली. ताई खूश झाली. मग तिला वाटलं, फरशी हादरली म्हणून तर नसेल वळली? तिने झाकण उचललं, गादीवर उभी राहिली आणि डावाने बडवलं. चिमणी चित्र रंगवत राहिली. ताईने आणखी जोरात बडवलं. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "काय गं, घर पाडताय का?" चिमणी रंगवत राहिली.

मग ताईला महिन्यापूर्वीचा रविवार आठवला. त्या रविवारी ती क्वायरमध्ये, चिमणीच्या बरोबर समोर उभी होती. पाळकांनी हाक मारली तशी ती दचकली होती, आणि चिमणीने तिचा चेहरा वाचला होता. चमत्कार म्हणजे तीच होती.

ती स्वयंपाकघरात गेली. आई भाजी चिरत होती.

"आई, तिला ऐकू येत नाहीये."

"सैतान असाच कानाशी लागतो."

"सैतान नाही गं, झाकण. मी वाजवून बघितलं."

"म्हणजे देवाची परीक्षा घेतलीस. मोठी आलीस शहाणी. तुझ्या शंकेपायी पोरीचे कान परत मिटले, तर कुणाला तोंड दाखवशील?"

"मिटायला आधी उघडले पाहिजेत ना?"

आईची सुरी थांबली. वर न बघताच ती म्हणाली, "रविवारी पुढेच उभी राहा. तिच्या समोर. मागच्यासारखी."

आईलाही माहीत होतं, हे ताईला तेव्हा कळलं.

बाबांशी ती बोलली नाही. बाबा स्पीकर दुरुस्त करायचे, प्रार्थनागृहातला आवाजही तेच सांभाळायचे. देवाचं नाव त्यांच्या तोंडी क्वचितच असायचं, म्हणून ते आपल्या बाजूचे आहेत असं तिने धरूनच चाललं होतं.

रविवारपर्यंत तिने खूप प्रार्थना केली. देव हवा होता तिला, पण असा टेकू देऊन उभा केलेला नाही. तिने ठरवलं, हाक मारली की डोळे मिटून घ्यायचे. चिमणी वळणार नाही, सगळ्यांसमोर फजिती होईल, रडेल, पण मशीन घरी येईल.

रविवारी पाळकांनी सगळ्यांना गप्प केलं आणि चिमणीच्या पाठीमागे जाऊन माईकमधून हाक मारली. ताईने डोळे घट्ट मिटले.

सगळं सभागृह गरजलं.

तिने डोळे उघडले. चिमणी वळली होती. पाळकांनी बाजू बदलून पुन्हा हाक मारली, चिमणी पुन्हा वळली. मग ताईला दिसलं. एरवी कोपऱ्यातल्या टेबलावर असणारा मोठा स्पीकर आज स्टेजच्या फळ्यांवर आडवा ठेवला होता. चिमणी अनवाणी होती. 'पवित्र जागा आहे' म्हणून बाबांनीच सकाळी तिला बूट काढायला लावले होते. हाकेसरशी बाबांची बोटं बटण फिरवत होती आणि फळ्या थरथरत होत्या.

"आता मोठ्या बहिणीची साक्ष," पाळक म्हणाले आणि त्यांनी ताईच्या हातात माईक दिला.

"तिला ऐकू येत नाही," ताई म्हणाली.

माईक बंद होता. बाबांनी तो बंद केला होता. टाळ्यांच्या गदारोळात तिचं बोलणं पहिल्या बाकापर्यंतही पोहोचलं नाही. ते फक्त एकीने वाचलं. चिमणीचा चेहरा उतरला. मशीन नसलं की तिला स्वतःच्या आवाजाचा अंदाज यायचा नाही, ती अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ताई, असं नको ना बोलूस."

पाळक हसले. "बघितलंत? माईक बंद. तुम्हाला-आम्हाला नाही आलं, ते हिला ऐकू आलं."

लोक बाकांवरून उठले. आईने पदर तोंडात कोंबला. ताईने बाबांकडे पाहिलं. त्यांनी खाली बघूनच माईक सुरू केला, आणि तिचा श्वास चारी भिंतींवरून परत आला.

"बोल बेटा," पाळक म्हणाले. "घाबरू नकोस."

आता बोललेलं प्रत्येकाला ऐकू गेलं असतं. खऱ्यासाठी आपण जीवही देऊ, असं ताईला आजवर वाटत आलं होतं. चिमणी तिच्या ओठांकडे टक लावून बघत होती. इतक्या लोकांनी तिच्यावर प्रेम केल्याचा तिच्या आयुष्यातला हा दुसराच दिवस होता.

"तिला ऐकू येतं," ताई म्हणाली.

सगळ्यांच्या आधी चिमणीने टाळ्या वाजवल्या.