काटा हलतोय तोवर

"किती झाले?" तोळामामानं विचारलं.

पारड्यात त्यानं एकेक किलोची तीन वजनं ठेवली होती. पाळकसाहेबांनी काट्याकडे बघितलं, मग दुकानाच्या छताकडे बघितलं. वरून काही मदत आली नाही.

"तीन," ते म्हणाले.

"आणि तुमच्या हिशोबानं?"

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. तीन आहेत मामा, पण देव एकच."

"पाळकसाहेब, अशा काट्यावर मी शिक्का मारला तर मला आत टाकतील."

"देवाला वजन नसतं, मामा."

"हां! मग आधी सांगायचं की. उगीच वजनं उचलायला लावली." तोळामामानं तिन्ही वजनं फडक्यानं पुसून जागेवर ठेवली आणि पवित्र त्रैक्याचा धडा पास झाल्याचं स्वतःच जाहीर करून टाकलं.

तोळामामा काटे दुरुस्त करायचा. मंडईतल्या भाजीवाल्यांचे, सोनारांचे, भंगारवाल्यांचे, सगळ्या गावाचे काटे त्याच्या हाताखालून गेले होते. स्वतः आडवातिडवा, नव्वद किलोच्या पुढचा. म्हणूनच कुणा टवाळानं त्याला 'तोळा' म्हटलं असणार, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. काटा बरोबर आहे असं तो बघितल्याशिवाय म्हणायचा नाही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचा, "तुझ्या तोंडाकडे बघून काटा थांबत नाही, बाबा."

आता त्यालाच घाई होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं होतं की हृदय वाढलंय, फार दिवस ओढणार नाही. "लोक मोठ्या मनाचा माणूस म्हणतात, तो आजार असतो हे मला ठाऊक नव्हतं," असं तो डॉक्टरांना म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा त्याला प्रकरण कळलं.

घाई होती ती बाप्तिस्म्याची. त्याची बायको चर्चच्या दफनभूमीत होती. ती चर्चमधली जुनी माणूस, हा रविवारी नुसता दाराशी तिची वाट बघत उभा राहणारा. पण तिनं जिवंतपणीच, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तशी शेजारची जागा याच्यासाठी धरून ठेवली होती. आणि नियम असा, की बाप्तिस्मा झालेल्यालाच ती माती मिळते. नियमाला राखण होती हेडबाईंची. त्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वडील सभासद, शाळेतून निवृत्त झालेल्या, पण निवृत्ती त्यांना कुणी नीट समजावून सांगितली नव्हती.

म्हणून पाळकसाहेब रोज संध्याकाळी दुकानात येऊन धडे देत. देव माणूस झाला, बाळ होऊन जन्माला आला, हे तोळामामाला लगेच पटलं. "बाळ म्हणजे कुणीतरी उचलून घेतलं असणार. चांगलं केलं त्यानं. उचलून घेण्यासारखं झाल्याशिवाय माणसाची ओळख होत नाही." मेलेले उठणार, हेही पटलं. बायको उठणार असेल तर आपण शेजारी असलेलं बरं, एवढाच त्याचा मुद्दा होता.

गाडी अडली ती पापांच्या क्षमेवर.

"कितीही पाप असलं तरी?" त्यानं विचारलं.

"कितीही."

"मोजमाप नाही?"

"नाही. म्हणून तर तिला कृपा म्हणतात. कमवावी लागत नाही."

तोळामामानं पेचकस खाली ठेवला. "पाववाल्यालापण?"

हा प्रश्न येणार हे पाळकसाहेबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि रोज तो आला नाही म्हणून ते घरी जाऊन देवाचे आभार मानत होते.

पाववाला म्हणजे पावाच्या गाडीवरचा ड्रायव्हर. पहाटे गाडी चालवता चालवता त्याला डुलकी लागली, आणि चर्च झाडायला निघालेली तोळामामाची बायको त्या डुलकीच्या आड आली. पाववाल्यानं शिक्षा भोगली. तुरुंगातच तो ख्रिस्ती विश्वासात आला, आणि सुटल्यावर याच चर्चमध्ये येऊन खुर्च्या मांडायला लागला. गाडीला त्यानं पुन्हा हात लावला नाही. तोळामामा धड्यांबरोबर रविवारी चर्चलाही यायला लागला तशी मंडळीनं दोघांची वाहतूक सांभाळायला सुरुवात केली. हा पुढच्या दारानं, तो मागच्या. हा पहिल्या रांगेत, तो शेवटच्या. चौकातल्या पोलिसालासुद्धा एवढं जमलं नसतं. इतक्या रविवारांत दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं.

"त्यालापण," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"म्हणजे एका पारड्यात माझी बायको. दुसऱ्यात काय ठेवलं तुम्ही?"

"आम्ही नाही ठेवलं, मामा. देवानं स्वतःचा मुलगा ठेवला. क्रुसावरचा."

तोळामामानं पेचकस पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग म्हणाला, "त्यानं ठेवला, मोठं मन त्याचं. पण माझ्या वतीनं माफ करून टाकलं, ते मला विचारून का नाही?"

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं.

घरी लेकीनं वेगळंच सुनावलं. ती सासरहून बापाला बघायला आली होती आणि आल्यापासून चिडलेली होती. "बाबा, तुम्हाला आईच्या शेजारी जायचंय ना? मग म्हणून टाका, क्षमेवर विश्वास आहे. एका ओळीचा तर प्रश्न आहे."

"ओळ खोटी असेल तर?"

"जन्मभर मोजूनमापून बोललात. आता मरताना एका ओळीपुरतं मापात पाप करा! कोण तपासायला येतंय?"

"ती आहे ना शेजारी," तोळामामा म्हणाला. "तिला कळेल."

लेक तोंड फिरवून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती.

बाप्तिस्म्याचा रविवार उजाडला आणि चर्चमध्ये सकाळपासूनच बोंब झाली. तिथलं कुंड व्यासपीठाच्या खाली होतं, वर जाड फळ्यांचं झाकण. इथली पद्धत अशी, की माणसाला पाठीवर झोपवून पुरतं पाण्याखाली घ्यायचं आणि वर काढायचं. म्हणजे मेला, पुरला आणि उठला. त्यासाठी दोघं लागतात. एका बाजूला पाळकसाहेब आणि दुसऱ्या बाजूला दातांचा डॉक्टर, ज्याला माणसं मागे रेलवायची सवय होती. तर दातांच्या डॉक्टरचाच हर्नियाचा टाका उसवला होता आणि तो दवाखान्यात आडवा होता. पाळकसाहेबांनी म्हटलं, मी एकटा करतो. आणि एकट्यानं झाकण उचलायला वाकले. कमरेतून 'कट्ट' असा आवाज आला, तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

त्यांना भिंतीला टेकवून उभं केलं. वाकता येत नव्हतं, वळता येत नव्हतं, फक्त आशीर्वाद देता येत होता.

"डोक्यावर थोडं पाणी शिंपडलं तर?" कुणीतरी भीत भीत सुचवलं. "काही ठिकाणी तसं करतात."

"आपल्याकडे बुडवतात," हेडबाई म्हणाल्या. "पाणी शिंपडायला तो काय कोथिंबिरीची जुडी आहे?"

"मग पुढच्या महिन्यात?"

सगळ्यांनी तोळामामाकडे बघितलं. तो पांढरा झगा घालून खुर्चीत बसला होता. आधीच्या बाप्तिस्म्याला कुणा बाईचा झगा पाण्यावर छत्रीसारखा उघडला होता, म्हणून या झग्याच्या घेराला शिसं शिवलेलं होतं. अंगावर तेवढं ओझं आल्यानं तो धापा टाकत होता. पुढचा महिना म्हणजे काय, ते त्याच्या ओठांच्या रंगावरून कुणालाही दिसत होतं.

"एवढा गडी उचलणारं दुसरं आहे कोण?" हेडबाईंनी विचारलं आणि उत्तर त्यांनाच सुचलं. एकेक करून सगळ्यांनाच सुचलं, आणि सगळी मंडळी मान न वळवता मागच्या रांगेकडे बघायला लागली.

लेक ताडकन उठली. "अजिबात नाही! माझ्या आईला—"

"बस खाली," तोळामामा म्हणाला.

पाववाला पुढे आला. अंगानं भक्कम, पण भिंतीलगत चालत आला, जणू आपल्यामुळे कुणाची वाट अडेल. कुंडावरचं झाकण त्यानं एकट्यानं उचलून बाजूला ठेवलं. तोळामामा पायऱ्या उतरून छातीभर पाण्यात उभा राहिला. पाणी गरम करायच्या यंत्राचं बटण चालू होतं, पण प्लग भिंतीत नव्हता, हे कुणाच्या तरी आत्ता लक्षात आलं. एका बाजूनं पाळकसाहेब काठीसारखे ताठ उतरले. दुसऱ्या बाजूनं पाववाला उतरला आणि खाली बघत उभा राहिला.

पाळकसाहेबांनी दातओठ खात सुरुवात केली. "आकाश आणि पृथ्वी यांचा निर्माणकर्ता, सर्वसमर्थ पिता, याच्यावर विश्वास आहे?"

"आहे."

"त्याचा एकुलता एक पुत्र, जो मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला?"

"आहे. उठायलाच पाहिजे कुणीतरी."

"पवित्र आत्म्यावर?"

"आहे. वजन नसलेला."

"पापांच्या क्षमेवर?"

तोळामामा हलणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला.

कुणीतरी खोकलं. पहिल्या रांगेतून लेक नुसत्या ओठांनी 'म्हणा, म्हणा' करत होती. म्हटलं तर दोन अक्षरं. म्हटली की ती शेजारची जागा आपली. नाही म्हटली तर गावाबाहेरच्या सरकारी जागेत, ओळख ना पाळख, कुणाच्याही शेजारी.

"मामा," पाववाला पाण्याकडे बघत पुटपुटला, "मी जातो. परत इथं यायचा नाही. दुसरं गाव बघतो. तुम्ही तुमचं म्हणा." आणि तो खरंच वळून पायरी चढायला लागला.

तोळामामाच्या मनात आलं, चांगलं आहे. माणूस डोळ्यांसमोरून गेला की ओळ हलकी होईल. वजन काढून घेतलं की काटा शून्यावर येतोच. पण शून्य आलं म्हणून वजन झालं, असं कोण म्हणेल?

"थांब रे," तो म्हणाला. "निघाला कुठं? या पाळकसाहेबांच्यानं मी उचलला जाणार आहे का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"पाळकसाहेब, खरं सांगतो. आहे म्हणवत नाही. नाहीही म्हणवत नाही. पारड्यात ठेवलंय. काटा अजून हलतोय. हलत्या काट्याचं वजन मी कधी सांगितलं नाही, आज देवाला काय सांगू? एवढ्यावर घेत असाल तर घ्या. नाहीतर मी निघतो."

पाळकसाहेबांनी हेडबाईंकडे बघायचा प्रयत्न केला, पण मान वळली नाही. म्हणून नियम समोरच्या भिंतीलाच विचारावा तसे ते विचारू लागले, "याला... याला होकार म्हणता येईल का?"

हेडबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पाणी गार आहे," त्या म्हणाल्या. "बुडवा."

पाववाला परत खाली उतरला. एक हात त्यानं तोळामामाच्या मानेखाली घातला, एक कमरेखाली.

"ब्याण्णव आहे मी," तोळामामा त्याच्याकडे न बघता म्हणाला. "शिसं वेगळं. सोडू नकोस."

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं," पाळकसाहेब म्हणाले, आणि तोळामामा मागे गेला.

डोळे मिटायचे असतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याखालून त्याला एक तोंड दिसलं. वर, अगदी जवळ, पाण्यानं तुकडे तुकडे झालेलं. घाबरलेलं, उघडं, काहीतरी ओरडणारं. रस्त्यावर पडून तिनं शेवटचं काय बघितलं असेल, याचा विचार त्यानं किती रात्री केला होता. दरवेळी त्याला गाडीचं तोंड दिसायचं, पत्रा आणि दिवे. आज त्याला दिसलं की तसं नव्हतं. गाडीतून कुणीतरी खाली उतरलं होतं. कुणीतरी असंच तिच्यावर वाकलं होतं.

तो वर आला. नाकातोंडातून पाणी, कानांत घुमणारा आवाज. "सोडलं नाही मामा, सोडलं नाही, सोडलं नाही," पाववाला एकसारखा म्हणत होता. मंडळीनं टाळ्या वाजवल्या आणि गाणं सुरू केलं.

तोळामामा उभा राहू शकला नाही. तो कुंडाच्या पायरीवर बसला, गळ्यापर्यंत पाण्यात. पाववालाही त्याच्याबरोबर खाली बसला, कारण मानेखालचा हात काढावा की नाही हे त्याला कळत नव्हतं.

"काही बोलली का ती?" तोळामामानं विचारलं.

पाववाल्याला कोर्टात वेग विचारला होता, झोप विचारली होती, ब्रेक विचारला होता. हे कुणी विचारलं नव्हतं.

"बोलल्या," पाववाला म्हणाला. त्याचा आवाज गाण्यात बुडून गेला. तोळामामानं कान पुढे केला. "मला म्हणाल्या, तुला कुठं लागलं का रे?"

तोळामामानं मान हलवली. असंच म्हणणार ती. दुसरं काय म्हणणार?

वर काठावर लेक टॉवेल पसरून उभी होती. पाळकसाहेबांना वाकून हात देता येत नव्हता. पाणी गारच होतं, आणि पायरीवरचे दोघं एकमेकांकडे न बघता समोरच्या फरशीकडे बघत बसले होते. गाण्याची कडवी संपली. तरी दोघं बाहेर येईनात, तेव्हा हेडबाईंनी पेटीवाल्याला खूण केली आणि सगळ्यांना पहिलं कडवं पुन्हा घ्यायला लावलं.