कोलोनला न वाजलेली शिट्टी

मी एक जुना प्रेशर कुकर आहे. पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, एका कानाचा स्क्रू कायमचा ढिला झालेला. मित्रांनो, कुकर म्हटलं की तुम्हाला वरण-भात आठवत असेल. मला पाहिलं की लोकांना गाणं आठवतं. माझी शिट्टी अर्ध्या जर्मनीने ऐकली आहे. हे मी फुशारकीने सांगत नाही. फुशारकी मारायलाही अंगात वाफ लागते, आणि मी आता फार दमलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. पत्रा दाबून मला आकार दिला, झाकण बसवलं, दाब देऊन तपासलं आणि नागपूरच्या सीताबर्डीवरच्या एका दुकानात नेऊन ठेवलं. २०११ साली अंजनाबाई तिथे आल्या. त्यांचा मुलगा अश्वजित जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून निघाला होता. सोबत बायको क्षमा आणि अकरा वर्षांची धम्मदीपा. अंजनाबाईंनी मला बोटाने टकटक वाजवून पाहिलं आणि सुनेच्या हाती दिलं. "तिथं सारं भेटते म्हणतात, सूनबाई. तरी हा असू दे," त्या म्हणाल्या. माझ्या पोटात त्यांनी हळद आणि तिखट कोंबलं होतं. फ्रँकफर्टच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने संशयाने माझं झाकण उघडलं आणि त्याला चार शिंका आल्या. तो आमचा जर्मनीत प्रवेश.

इथली शेगडी काचेची, विजेवरची. बंद केली तरी बराच वेळ तापलेलीच राहते. म्हणून तिसऱ्या शिट्टीनंतर मला लगेच उचलून बाजूला ठेवावं लागे, नाहीतर चौथी होई आणि डाळीचा गाळ. क्षमा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन करी. सहाला घरी येई, मला चढवी आणि अंघोळीला जाई. जाताना मुलीला बजावी, "दीपा, शिट्ट्यांकडे लक्ष दे गं. तीन झाल्या की हाक मार."

"जाऽ, मामा," धम्मदीपा जर्मनमध्ये म्हणे, म्हणजे 'हो, आई'.

मित्रांनो, ही मुलगी इथे आली तेव्हा घडाघडा मराठी बोलत होती. दोन-तीन वर्षांत तिचं मराठी आटलं. आई मराठीत विचारी, ती जर्मनमध्ये उत्तर देई. दिवसभरात तिच्या तोंडून मराठीचं एकच वाक्य निघे, तेही माझ्यामुळे. ती गच्चीवर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडे, "आई, झाल्या तीन!" क्षमा न्हाणीघरातून म्हणे, "बंद कर गं!" आणि मला मोठा मान वाटे. या घरातल्या आई-मुलीला बोलतं ठेवणारा मीच, असं मी मनाशी धरून बसलो होतो. भांड्यांनाही गर्व होतो.

पंधराव्या वर्षी धम्मदीपा रॅप करू लागली. तिच्या खोलीची भिंत शेजारच्या फ्राऊ क्रेमरच्या दिवाणखान्याला लागून होती. त्या बाई वर्गातल्या मॉनिटरसारख्या, दुपारी कुणी खुर्ची सरकवली तरी दार वाजवायच्या. म्हणून ती सरावाला स्वयंपाकघरात येई. सरकारी कचेऱ्यांची लांबलचक जर्मन पत्रं आली की तीच आई-बाबांना वाचून दाखवत असे. ती सगळी रुक्ष भाषा तिने गाण्यात आणली. 'आपण नमूद केलेले कारण पुरेसे नाही' अशा वाक्यांची तिने जी काही धुलाई केली, ती ऐकून मला उकळायचं भान राहत नसे.

२०१६च्या शरदात तिने वाढदिवसाला मिळालेला माइक टेबलावर ठेवला आणि एक गाणं एका दमात रेकॉर्ड केलं. मी शेगडीवर होतोच. तिने बोल माझ्या शिट्ट्यांवर बेतले होते. पहिल्या शिट्टीला पहिलं कडवं संपे, दुसरीला दुसरं. तिसरी शिट्टी झाली आणि सवयीने तिच्या तोंडून निघालं, "आई, झाल्या तीन!" तिला ते पुसायचं होतं. पण परत ऐकलं, हसली आणि तसंच राहू दिलं.

गाणं इंटरनेटवर गेलं. पहिल्या आठवड्यात तीनशे जणांनी ऐकलं, त्यातले निम्मे तिच्या वर्गातले. मग कुणीतरी ते गाण्यांच्या एका मोठ्या यादीत घातलं आणि आकडे धावायला लागले. लोकांना ती शिट्टी आगगाडीची वाटली, कुणाला कारखान्याची. कुकर ही गोष्टच त्यांना ठाऊक नव्हती. अश्वजित जेवताना फोनवर आकडे वाचून दाखवी, आणि क्षमा म्हणे, "अहो, ते राहू द्या, गार होतंय." फ्राऊ क्रेमरसुद्धा एकदा जिन्यात क्षमाला थांबवून म्हणाल्या, "माझ्या भाचीला सही हवी आहे."

पुढचं भराभर झालं. रेडिओवर गाणं लागलं. गाणी काढणारी कंपनी आली, कंपनीचा टोबियास आला. तो वाईट माणूस नव्हता. घरात शिरताना बूट काढी, वरण मागून घेई. धम्मदीपाचं नाव झालं 'दीपा द्राय', म्हणजे दीपा तीन. कंपनीने आधी संगणकावर शिट्टी बनवून पाहिली, पण ऐकणाऱ्यांनी ती लगेच ओळखली आणि ओरड केली. तेव्हा टोबियास मलाच न्यायला आला.

"मग मी डाळ कशात लावू?" क्षमाने विचारलं.

त्याने तिला नवा जर्मन कुकर आणून दिला. चकचकीत, महागडा आणि मुका. त्यात दाब भरला की एक दांडी गुपचूप वर येई. मला काळ्या पेटीत स्पंज लावून बसवलं आणि पेटीवर लिहिलं, 'नाजूक वस्तू'. आयुष्यभर मोरीत आपटलेला मी, मला हसू की रडू कळेना.

दोन वर्षं मी फिरलो. हॅम्बुर्ग, बर्लिन, लाइपझिग. शर्टांवर माझं चित्र छापलं गेलं. हजारो माणसं माझ्याकडे बोट दाखवून ओरडत, "आई, झाल्या तीन!" त्यांना आई म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. पण मित्रांनो, माझ्या पोटात काय असे? दोन पेले पाणी. ना डाळ, ना तांदूळ. नुसत्या पाण्यावर शिट्ट्या मारायच्या आणि पुन्हा पेटीत जायचं. इथल्या पाण्यात क्षार फार, आतून माझ्यावर पांढरं कवच चढलं. रिंग कडक झाली. कुणी घासलं नाही. जो वाजतो आहे त्याला काही दुखत असेल, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

धम्मदीपाचंही माझ्यासारखंच चाललं होतं. नवं गाणं लिहायला तिला सवड नव्हती. तेच एक गाणं, रोज. २०१९च्या वसंतात तिचा आवाज फाटू लागला. स्टेजमागच्या खोलीत तिला तपासून घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतू सुजले आहेत, सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर हा आवाज कायमचा जाईल. मी शेजारी पेटीत होतो, मी ऐकलं. घरी तिने सांगितलं नाही. फोनवर क्षमाने विचारलं, "घसा का गं बसलाय?" तर म्हणाली, हवा बदलली आहे. टोबियासला मात्र तिने सांगितलं. तो म्हणाला, "फक्त कोलोन करूया. कोलोननंतर सुट्टी." याआधीही दोन वेळा दुसऱ्या शहरांची नावं घेऊन तो असंच म्हणाला होता. आणि तीही होकाराची मान हलवत गेली.

कोलोनचा कार्यक्रम जूनमधला, भर दुपारचा, ऱ्हाइनच्या काठावर उघड्या मैदानात. क्षमा आणि अश्वजित पहिल्यांदाच तिला स्टेजवर पाहायला आले होते. मला विजेच्या शेगडीवर ठेवलं. माझ्यात पाणी घालायचं काम कधी या माणसाचं, कधी त्या माणसाचं. त्या दिवशी दोघांनाही वाटलं, दुसऱ्याने घातलं असेल. मी कोरडा तापत राहिलो. ओरडून सांगावं तर ओरडायला वाफ हवी, आणि वाफेला पाणी.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं तिने कसंबसं ओढून नेलं. शिट्टीची वेळ आली, वाद्यं थांबली, आणि माझा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून नुसतं फुस्स झालं. सगळं मैदान वाट पाहत होतं. धम्मदीपाने वेळ मारून न्यायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. काहीच नाही. लोकांना वाटलं हाही खेळाचाच भाग आहे, आणि हजारो गळे एकदम गरजले, "आई, झाल्या तीन!"

एकही झाली नव्हती. त्या गर्दीत हे एकट्या क्षमाला कळलं. ती माणसं ढकलत स्टेजपाशी आली. पहारेकऱ्याने अडवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "इश बिन डी मुटर." मी आई आहे. तो बाजूला झाला. वर येऊन तिने आधी शेगडी बंद केली, गळ्यातल्या ओढणीने धरून मला खाली उतरवलं, आणि मग मुलीला. जाताना धम्मदीपा रडत होती, पण रडण्यालाही आवाज नव्हता. मी तिथेच फळीवर करपलेल्या वासात पडून होतो. मला फार वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

अश्वजितने मला पेटीत न घालता पिशवीत घालून घरी आणलं. फ्रँकफर्टच्या इंडियन दुकानातून नवी रिंग आणि नवा व्हॉल्व्ह मागवला. क्षमाने लिंबू आणि तारेच्या घासणीने माझं पांढरं कवच खरवडून काढलं. दोन संध्याकाळी लागल्या. मग दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्या पोटात तुरीची डाळ पडली, हिंग-हळद पडली. त्या दिवशी मला शिट्टी द्यायचीसुद्धा घाई नव्हती.

धम्मदीपा टेबलाशी जेवायला बसली होती. बोलायची बंदी होती, म्हणून शेजारी वही-पेन. क्षमाने वरण-भात वाढला, वर लोणच्याची फोड. दुसरा घास घेतला आणि फोन वाजला. टोबियास. धम्मदीपाने घास ताटात ठेवला आणि सवयीने हात पुढे केला. तोपर्यंत फोन क्षमाने उचलला होता. तिचं जर्मन सावकाश, एकेक शब्द निवडून काढलेलं.

"आल्झो," म्हणजे 'तर', ती म्हणाली, "ती जेवते आहे."

पलीकडून काही विचारलं गेलं.

"जेवण झाल्यावर."

पुन्हा काही विचारलं गेलं, बहुधा किती वेळ लागेल म्हणून. क्षमाने मुलीच्या ताटाकडे पाहिलं, आणखी एक डाव वरण वाढलं आणि म्हणाली, "खूप वेळ लागेल." मग फोन बंद करून पिठाच्या डब्यामागे ठेवला. धम्मदीपा थोडा वेळ त्या डब्याकडे पाहत राहिली, आणि मग तिने घास उचलला.

मित्रांनो, तिचा आवाज परत येईल की नाही, मला माहीत नाही. मी कुकर आहे, डॉक्टर नाही. माझं एवढंच मागणं आहे. तुम्हाला जे कुणी आवडतं, गाणारं, खेळणारं, हसवणारं, त्याच्यासाठी खुशाल टाळ्या वाजवा. पण त्याला जेवणावरून उठवू नका.