उतार किती?

परसबाग चढावर असली की गवत आडवं कापायचं, वरून खाली नाही. या टोकाकडून त्या टोकाला जायचं, मग वळायचं. हे माईंना कुणी शिकवायला नको होतं. म्हणून माईंची ही गोष्टही आडवीच जाते, आणि टोक आलं की वाक्य अर्धं असलं तरी

(वळण)

वळते.

तर रविवारी गवत कापायचं जुनं मशीन ओल्या चढावरून घसरलं. लेक गॅलरीतून ओरडला, "माई, सोड! सोड ते!" माईंनी सोडलं नाही. मशीनमागे धावत त्या थेट शेजाऱ्यांच्या कुंपणात. मशीनची दोन्ही चाकं गेली. माईंचा फक्त अंबाडा सुटला.

"बास झालं," लेक म्हणाला. "आता कापायला माणूस लावू. उतारवय आहे तुझं."

"अहो, आधी मशीनं तरी बघू," सून मध्ये पडली. "माईंना झेपलं तर माई, नाहीतर माणूस."

एवढ्यावर तह झाला. पण उतारवय हा शब्द माईंना असा झोंबला होता, की दुकान येईपर्यंत त्यांनी गाडीच्या खिडकीकडून तोंड

(वळण)

वळवलं नाही.

दुकानदार मोठा अघळपघळ माणूस. "कशासाठी हवंय?"

"उतारासाठी," लेक म्हणाला.

माईंचे कान टवकारले. दुकानदार त्यांच्याकडे वळला. "बरं मावशी, उतार किती?"

"बहात्तर!" माई कडाडल्या. "बहात्तर पूर्ण. पुढे बोला!"

दुकानदार दचकलाच. "बहात्तर अंश? अहो, ती बाग आहे की भिंत?"

सून हसून हसून खताच्या पोत्यावर बसली. माईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं.

बसून चालवायचं मशीन चढावर कलंडेल, म्हणून बाद. आपोआप फिरणारं, कासवासारखं एक होतं. लेकाने त्याच्या पाठीवर थोपटलं. "हे छान आहे. तू नुसतं बघत बसायचं."

"आणि करू काय? टाळ्या वाजवू?"

तिसरं लाल. मागच्या चाकांना जोर, मुठीला एक दांडी. दांडी दाबून धरली तर चालणार, सोडली की चाकांसकट जागच्या जागी थांबणार. "फक्त," दुकानदार म्हणाला, "सोडता आलं पाहिजे."

सगळ्यांनी माईंकडे

(वळण)

पाहिलं.

दुकानामागे गवताळ बांध होता. माई आडव्या निघाल्या, ऐटीत. मधोमध गेल्यावर खालून हाक आली, "आता सोडा!"

हात उघडेना. आजवर त्यांनी जे धरलं ते धरून ठेवलं म्हणूनच राहिलं होतं, मशीन असो की घर. बोटांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. पण आज धरून ठेवलं, तर येत्या रविवारी बागेत दुसराच कुणी असणार होता. माईंनी डोळे मिटले आणि

(वळण)

सोडलं.

मशीनने एक उचकी दिली आणि गप्प उभं राहिलं. माईही उभ्याच होत्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "थांबलं की!"

"एवढंच ना?" म्हणत लेकाने मशीन वर नेलं आणि सरळ वरून खाली चालवलं. अर्ध्यावर पाय सटकला. साहेब पाठीवर, दोन्ही हात मात्र दांडीला घट्ट.

"सोड रे!" माई ओरडल्या. "सोड ते, गाढवा!"

त्याने सोडलं. मशीन थांबलं. तो थांबला नाही. घसरत थेट दुकानदाराच्या चपलांपाशी आला.

"मग," दुकानदाराने वाकून विचारलं, "नक्की चालवणार कोण?"

"मीच," माई म्हणाल्या. "त्याला जरा वेळ लागेल. उतारवय यायचंय अजून."

लाल मशीन गाडीत चढलं. सून पुढे बसली. मागोमाग लेक हिरवी झालेली पँट झटकत,

(वळण)

आडवा आडवा चालत आला.